फोटोशिवायचा हात

बाबा,

यंदा मी क्लबची अध्यक्ष आहे. त्याच क्लबची. तुम्ही असतात तर आधी विश्वास ठेवला नसतात, मग आईला हाक मारून म्हणाला असतात, "बघ गो, हिला त्यांनी खुर्चीवर बसवलीन," आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं असतंत की आता तरी नीट वाग, तोंड आवर. तर आधीच सांगते, मी नीट वागलेली नाही. पहिल्याच बैठकीत भांडले, दुसऱ्या बैठकीत एका मोठ्या देणगीदाराला घालवलं, आणि तिसऱ्या बैठकीत मला खाली उतरवायचा विषय निघाला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माफी मागायलाही लिहीत नाही. ज्या गोष्टीवरून तुम्ही माझ्याशी पंधरवडाभर बोलला नव्हतात, तीच गोष्ट मी पुन्हा केली आहे, आणि या वेळी पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, केस पिकल्यावर केली आहे.

तुमचा उजवा हात गेला तेव्हा मी सातवीत होते. एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कंपनीत मिक्सर बंद आहे असं समजून तुम्ही आत हात घातलात आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. कोपराखाली वीतभर उरला. कंपनीने काढलं नाही, गेटवर बसवलं, आणि तेवढ्यासाठी तुम्ही शेवटपर्यंत कंपनीला चांगलंच म्हणत राहिलात. डाव्या हाताने सही करायला तुम्ही लवकर शिकलात, पण डाव्या हाताने जेवायला काही केल्या तयार नव्हतात. आई भरवायची आणि मी दुसरीकडे बघायचे. तुमची सायकल जिन्याखाली गंजत होती. लोणच्याची बरणी हवी असली की तुम्ही ती न बोलता आईकडे सरकवायचात आणि आई न बोलता झाकण उघडून परत सरकवायची. आपल्या घरात त्या काळात फार कमी बोललं जायचं.

मग समाजसेवा करणाऱ्या त्या क्लबचं शिबिर आलं. शाळेच्या मैदानात मांडव, कोटाला बिल्ले लावलेली माणसं, टेबलांवर खोकी, आणि खोक्यांत हात. गव्हाळ रंगाचं प्लास्टिक, आपल्या घरातल्या कुणाच्याच रंगाचं नाही. काही बोटं पक्की, काही दुसऱ्या हाताने खटखट सरकवायची. कोपराखाली थोडा तरी हात शिल्लक असेल त्यालाच तो बसायचा, आणि तुमचा तो वीतभर तुकडा पाहून तिथला तरुण तंत्रज्ञ म्हणाला, "काका, एकदम परफेक्ट." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या तुकड्याला चांगलं म्हटलं होतं. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पट्टे आवळले, बोटं सरकवली, आणि तुमच्या हातात पाण्याचा ग्लास आला. तुम्ही प्यायलात. मी रडले, हे कबूल. मग फोटोवाला आला. "काका, पुन्हा एकदा, इकडे बघून." तुम्ही पुन्हा प्यायलात. "साहेब जरा जवळ या, खांद्यावर हात ठेवा. काका, हसा ना." साहेब म्हणजे तेव्हाचे अध्यक्ष. ग्लास रिकामा झाला की कुणीतरी भरत होतं आणि तुम्ही पीत होतात. शेवटी तुम्ही हळूच मला म्हणालात, "पोट फुटेल गो आता," आणि पुन्हा प्यायलात.

घरी आल्यावर तुम्ही काय केलंत? लोणच्याची बरणी त्या हातात धरलीत आणि डाव्या हाताने झाकण फिरवलंत. उघडलं. बंद केलंत. पुन्हा उघडलंत. आई म्हणाली, "पुरे, हवा लागेल लोणच्याला," आणि पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकल बाहेर काढलीत, तेल घातलंत, आणि दोन्ही हात हँडलवर ठेवून मानपाडा रोडने गेटवर गेलात. म्हणजे मला त्या हाताची किंमत कळत नव्हती असं तुम्ही जे म्हणायचात, ते चूक होतं. मी सगळं पाहिलं होतं.

पण आठ दिवसांनी नाक्यावर बॅनर लागला. साहेबांचा चेहरा टेबलाएवढा, बाकीच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे ताटांएवढे, आणि खाली कोपऱ्यात ग्लास तोंडाला लावलेले तुम्ही. वर लिहिलेलं, 'गरजूंना मदतीचा हात'. तुमच्या फोटोखाली एकच शब्द, 'लाभार्थी'. माझी शाळा त्याच रस्त्यावर होती. वर्गातल्या मुली चांगल्या होत्या, कुणी चिडवलं नाही, फक्त एक जण म्हणाली, "तुझे बाबा गरजू आहेत हे माहीत नव्हतं." मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही बूट काढत होतात. म्हणालात, "अगो, त्यांनी हात दिला, आपण फोटो दिला. फिटलं." मी म्हटलं, "तुम्ही दिलात कुठे? तुम्हाला विचारलं का कुणी?" तुम्ही बूट उचलून मांडणीत ठेवलेत.

पुढच्या वर्षी क्लबचा ठाण्याला मोठा कार्यक्रम होता. एसी हॉल, स्टेजवर फुलं, आणि मागे तोच फोटो, आता भिंतभर. लाभार्थ्यांच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलायचे होते आणि मी शाळेत वक्तृत्वात बक्षिसं घेत होते, म्हणून मला बोलावलं. आपल्याला न्यायला गाडी आली होती. क्लबच्या सेक्रेटरी मॅडमनी भाषण लिहून दिलेलं, छान अक्षरात, 'देवदूत' हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा आलेला. तुम्ही पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, बाही मुद्दाम दुमडलेली, हात दिसावा म्हणून. तीही त्यांनीच दुमडायला सांगितलेली. मी माइकपाशी उभी राहते. कागद उघडते. समोर तुम्ही आहात आणि मागे तुम्हीच पाणी पिताय. मी कागद मिटते. मी म्हणते, "हात दिल्याबद्दल आभार. माझे बाबा सायकल चालवतात आता. पण या फोटोखाली लाभार्थी लिहिलंय. माझ्या बाबांना नाव आहे." आणि मी तुमचं नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. "त्यांना न विचारता त्यांचा फोटो नाक्यावर लावलाय. तो काढा."  मागच्या रांगेतल्या एकाने भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या आणि आपण एकटेच वाजवतोय हे पाहून थांबवल्या.

येताना गाडीचं कुणी विचारलं नाही. आपण बसने आलो, बस बदलत. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. घरी आई बोंबील तळत होती. तुम्ही आत आलात, दातांनी पट्टा ओढलात, हात काढलात आणि ओट्यावर, पोळपाटाशेजारी ठेवलात. "घे. एक तर हा परत देऊन ये, नाहीतर उद्या जाऊन माफी माग." आईने गॅस बंद केला. मी म्हटलं, "दोन्ही नाही करणार. हात तुमचा आहे. त्यांनी दिला, तुम्ही घेतलात, संपलं." तुम्ही माझ्यावर हात कधीच उगारला नाहीत, त्या दिवशीही नाही. पण तुम्ही जे बोललात ते लागलं. "उद्या माझ्यासारखा कुणी आला, आणि ते म्हणाले, नको, या लोकांना द्या नि वर त्यांचं ऐकून घ्या, तर? त्याचा हात कोण देणार, तू?" चौदा वर्षांच्या मुलीला विचारायचा हा प्रश्न नव्हता. पण प्रश्न खरा होता, हे मी तेव्हाही ओळखलं. म्हणून रडले नाही. तुमच्याकडे बघत उभी राहिले. शेवटी आईने तो हात उचलला, पदराने पुसला आणि खुंटीला लावला. सकाळी तुम्ही तो घालून कामावर गेलात. माझ्याशी बोलला नाहीत.

बॅनर उतरला. माझ्यामुळे उतरला की पावसाने फाटला म्हणून, हे मला माहीत नाही. मी श्रेय माझंच धरते. पुढे पट्टा तुटला तेव्हा तुम्ही क्लबकडे गेला नाहीत. मला ऐकवत ऐकवत नाक्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे गेलात. "हिच्या कृपेने," असं म्हणत. त्याने जाड चामड्याचा पट्टा करून दिला, पितळी बक्कल लावून, मूळच्यापेक्षा कितीतरी भक्कम. मग मी पाहिलं, कुणी हाताबद्दल विचारलं की तुम्ही सांगायचात, "हात क्लबने दिला. पट्टा माझा." पट्टा माझा म्हणताना तुमची मान जरा वर व्हायची. त्याबद्दल मी तुम्हाला कधी टोकलं नाही. तुम्ही गेलात तोपर्यंत दोनदा हात बदलला होता, पट्टा तोच राहिला.

क्लबमध्ये मी गेले कशी, तर त्या सेक्रेटरी मॅडममुळे. डोंबिवलीत माझं मेडिकलचं दुकान सुरू झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या, काठी टेकत. एक दिवस बिलावरचं माझं आडनाव वाचून थांबल्या. "तू तीच का गं? ठाण्याच्या हॉलमधली?" मी म्हटलं, "हो." मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. त्या म्हणाल्या, "ते भाषण मी लिहिलेलं. भिकार होतं. तू वाचलं नाहीस ते बरं केलंस. क्लबमध्ये ये. आत येऊन भांड." मी गेले. तिथे सगळे वाईट नाहीत, बाबा, हे तुमचं म्हणणं खरं निघालं. मुरबाडकडच्या पाड्यावर पाण्याची टाकी बांधायला रविवार सोडून जाणारे डॉक्टर आहेत, रक्तदानाला स्वतः आधी झोपणारे दुकानदार आहेत. पण वह्यावाटप असलं की पोरांना उन्हात बसवून पाहुण्यांची वाट बघायची, आणि वहीच्या मागच्या पानावर अध्यक्षांचा फोटो छापायचा, हे चालूच होतं. पोरं पहिल्याच दिवशी त्या फोटोला मिशा काढायची. या वर्षीच्या वह्यांवर मागे पाढे आहेत, आणि त्या शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. लागेल तशी बाई देतात. पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

दुसरं हातांवरून. शिबिराचा बराचसा खर्च एक बिल्डर उचलणार होते. मूळचे इथलेच, आजोबांची भातशेती होती तिथे आता त्यांचे टॉवर आहेत. माणूस दिलदार, खोटं नाही बोलणार. मी बैठकीत सांगितलं की स्टेज नाही, हारतुरे नाहीत, हात बसवायचा तो पडद्याआड, दवाखान्यात बसवतात तसा, आणि घेणाऱ्यांचे फोटो नाहीत. बिल्डरसाहेब हसले. "ताई, माझा बापूस देवळाला घंटा द्यायचा तरी नाव कोरून द्यायचा. दिसलं तर आणखी चार जण देतात."

"तुमचं नाव लावू की. गेटवर, मोठ्या अक्षरात. तुमचा फोटोपण लावू."

"माझा फोटो बघून कोण देणार?" ते म्हणाले. "हात नसलेला माणूस दिसला पाहिजे."

त्यांनी हे वाईट मनाने म्हटलं नाही. हिशेबाने बरोबरच होतं ते. पण मला ग्लास दिसला. मी म्हटलं, "तो दिसणार नाही." ते उठले, सगळ्यांना नमस्कार करून गेले, आणि देणगीही गेली. नंतर त्यांनी ती दुसऱ्या एका संस्थेला दिली, तिथे कुबड्या वाटल्या, आणि त्याचे बॅनर मानपाडा रोडभर लागले. लागू देत. कुणाला तरी कुबड्या मिळाल्याच. पण आमच्या शिबिराची तारीख जाहीर झालेली होती, शहापूर, बदलापूरहून माणसं निघालेली होती, आणि हात निम्मेच होते.

ज्यांनी आधी नावं दिली त्यांना बसवले. उरलेल्यांना परत पाठवायचं काम मी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. एकेकासमोर बसून सांगितलं. त्यात एक बाई होती, वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर काम करायची, डावा पंजा मशीनखाली गेलेला. तिने कुणाकडून तरी सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "ताई, फोटो काढू दिला असता तर आज माझा हात मिळाला असता ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग काढा की माझा फोटो. मला चालतंय. माझा पंजा गेला त्याला कोण लाजतंय आता?"

"तुमचा हात येईल. फोटोशिवाय येईल. थोडं थांबा."

"तुम्हाला थांबायला काय जातंय?" ती म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

बाबा, ओट्यावर हात ठेवून तुम्ही जे विचारलं होतंत, ते एवढ्या वर्षांनी तिने येऊन विचारलं. मला झोप आली नाही, असं लिहिणार नाही; झोप आली, कारण दिवसभर उभी होते. पण सकाळी उठले ती चिडून उठले. तिच्यावर नाही. एका हातासाठी माणसाला स्वतःचा फोटो पुढे करावा लागतो आणि आपण सगळे त्याला सेवा म्हणतो, याच्यावर. तिसऱ्या बैठकीत सगळे तुटून पडले. "तुमच्या तत्त्वापायी माणसं रिकाम्या हाताने गेली," असं एक जण म्हणाला आणि जीभ चावली. मला उतरवायचा ठराव आला. मी म्हटलं, "उतरवा. पण मी उतरले तरी त्या लोकांचे हात आपल्याला द्यायचेच आहेत. मग आधी ते देऊ, नंतर मला उतरवू." मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "मला हिने भर हॉलमध्ये गप्प केलंय. तुमच्याने काही होणार नाही. बसा खाली." हशा झाला, ठराव बारगळला. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त जो ओरडला होता, त्यानेच सगळ्यात आधी वाटा उचलला, तोंड वाकडं करून. मी आसपासच्या दुकानदारांकडे फिरले, दवाखान्यांत फिरले, औषध कंपन्यांच्या माणसांना चहा पाजून गाठलं. काहींनी विचारलं, "फोटो?" मी म्हटलं, "तुमचा काढते." काही हसून द्यायचे, काही दारातूनच वाटेला लावायचे. दोन-अडीच महिने गेले. उरलेले सगळे हात आले.

ती बाई आली भावजयीला घेऊन. यायला तयार नव्हती. मी दोनदा घरी जाऊन आले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये खुर्ची मांडून तंत्रज्ञाने तिला हात बसवला. पट्टे आवळले, बोटं सरकवून दाखवली. तिने मग पिशवीतून मोबाइल काढला, नव्या हातात धरला, खटखट बोटं सरकवून घट्ट केला, हात लांब केला आणि केस सारखे केले. मी मागेच उभी होते, डोळे पुसत. ती म्हणाली, "ताई, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही मध्ये येताय."

मी बाजूला झाले. तिने फोटो काढला, बघितला, पसंत पडला नाही, दुसरा काढला, आणि तिथेच उभ्या उभ्या गावाकडे भावाला पाठवला.   फोटो वाईट असतो असं मी कधीच म्हटलं नव्हतं, बाबा. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही. तुम्ही आत्ता समोर येऊन पुन्हा म्हणालात ना की माफी माग, तर पुन्हा नाही म्हणेन.

हे कुठे पाठवायचं नाहीच. आईला वाचून दाखवणार होते, पण ती तुमचीच बाजू घेईल. एक मात्र राहिलं, ते तिलाही सांगितलेलं नाही. अध्यक्षपद घेतलं त्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यात ती अध्यक्षाची जड साखळी घातली, सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, फ्लॅश उडला आणि फोटोवाला म्हणाला, "झालं, मॅडम." मी म्हटलं, "अजून एक काढा, माझे डोळे मिटले असतील." डोळे मिटलेले नव्हते.